शेड आधी की निचरा आधी? बोपोडीकडच्या आमच्या ग्राउंडचं प्रकरण

आमच्या फुटबॉल क्लबकडे पैसे एका कामापुरते होते आणि कामं होती दोन. एक म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर पत्र्याची शेड, आणि दुसरं म्हणजे रेल्वेच्या बाजूच्या गोलसमोर दर पावसाळ्यात जे तळं साचतं त्याचा निचरा. पैसे सपोर्टर्सनी, जुन्या प्लेयर्सनी आणि आसपासच्या दुकानदारांनी थोडे थोडे करून दिलेले, त्यामुळे प्रत्येकाचं मत होतं आणि ते असायलाच हवं होतं. हे सगळं नीट लिहून ठेवतोय कारण पुण्यात अशी छोटी ग्राउंड्स बरीच आहेत, आणि दरवेळी पैसे आले की पहिला विचार रंगाचा, खुर्च्यांचा, कमानीचा होतो, जमिनीखाली कोणी बघतच नाही.

आधी ग्राउंडबद्दल सांगतो. बोपोडीच्या बाजूला, एका संस्थेची जागा, क्लबला करारावर मिळालेली. लांबी ९० मीटरच्या जरा वर, म्हणजे नियमात जेमतेम बसते, कारण फुटबॉलच्या नियमांमध्ये लांबी कमीत कमी ९० मीटर लागते आणि रुंदी कमीत कमी ४५. रुंदी आमची ५५ च्या आसपास. एका बाजूला दगडी पायऱ्या, त्याही पूर्ण लांबीला नाहीत, अर्ध्यावर संपतात आणि पुढे मातीचा बांध. दुसऱ्या बाजूला मोठा वर्षावृक्ष, त्याच्या सावलीत गवत धरतच नाही म्हणून लाइनमनची ती पट्टी कायम टकली. एका गोलच्या मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे मुंबई-पुणे रेल्वेलाइन, म्हणून त्या गोलला आम्ही सगळे ‘रेल्वे गोल’ म्हणतो, आणि लोणावळा लोकल जाताना कॉर्नर मिळाला की पोरं म्हणतात आता गोल होणार. दुसरा ‘टाकी गोल’, कारण मागे पाण्याची टाकी. फ्लडलाइट नाहीत. स्कोअरबोर्ड म्हणजे काळा बोर्ड आणि खडू.

मला हे ग्राउंड मनापासून आवडतं. इथे पायरीवर बसलं की गोलकीपर डिफेन्सला काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतं, स्लायडिंग टॅकलला माती उडते ती अंगावर येते, थ्रो-इन घ्यायला आलेल्या पोराला तुम्ही पाण्याची बाटली देऊ शकता. बालेवाडीचं शिवछत्रपती स्टेडियम मी खूप पाहिलंय, १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी उभं राहिलेलं, २००८ मध्ये कॉमनवेल्थ युवा स्पर्धा तिथे झाल्या, २०२२ मध्ये महिला फुटबॉलच्या आशिया चषकाच्या मॅचेस झाल्या, सगळं भव्य आहे आणि पुण्याला त्याचा अभिमान असायला हवा. पण तिथे मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक आहे, आणि त्या अंतरामुळे पलीकडच्या विंगला कोण पळतंय हे पाठीवरच्या नंबरवरून ओळखावं लागतं.

आणि बालेवाडीची दुसरी गोष्ट जास्त लागते मनाला. २००७ मध्ये पुणे एफसी सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला, आणि २०१५ नंतर मोठ्या लीगमधून गेलाच. भारत एफसी एक सीझन. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन. एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, त्यांच्या सपोर्टर्सची, ऑरेंज आर्मीची पोरं घसा बसेपर्यंत ओरडायची, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये ती जागा हैदराबादला गेली. हे चारही क्लब बालेवाडीलाच खेळले. स्टेडियम जागेवर आहे, क्लब एकही नाही. यात कोणाला दोष देत नाहीये, पैशाची गणितं वेगळी असतात. पण तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की ज्या क्लबच्या ग्राउंडची एकेक दुरुस्ती त्याच्या माणसांनी हाताने केलेली असते तो क्लब असा एका पत्रावर उठून जात नाही.

आता मूळ प्रश्न, पाणी.

पुण्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० ते ७५० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या मानाने काहीच नाही, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं ग्राउंड साधारण ५,००० चौरस मीटरचं धरा. तासाभरात २० मिलीमीटरची सर आली तर १ लाख लिटर पाणी, म्हणजे १०,००० लिटरचे दहा टँकर कोणीतरी मैदानावर आणून ओतले. आणि ते जिरणार कुठे? वरची माती काळी. काळी माती ओली झाली की फुगते, तिची भोकं बंद होतात, पाणी वरच राहतं, आणि उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि भेगा पडतात, इतक्या की त्यात बोटं जातात आणि पोरांचे घोटे मुरगळतात. म्हणजे एकाच मातीचे दोन उलटे त्रास, चार महिने चिखल आणि चार महिने भेगा.

त्यात ग्राउंडचा उतार रेल्वेकडे. त्यामुळे सगळं पाणी रेल्वे गोलच्या पुढ्यात, पेनल्टी स्पॉटपासून गोललाइनपर्यंत. रेफ्री येऊन छातीच्या उंचीवरून बॉल टाकून बघायचे, बॉल ‘थप्’ करून तिथेच बसायचा, आणि मॅच दुसऱ्या ग्राउंडवर हलायची. होम मॅच, पण आपल्या घरी नाही. असं प्रत्येक पावसाळ्यात व्हायचं आणि त्याचा परिणाम नुसता पॉइंट्सवर होत नव्हता. मॅच हलली की पायरीवरचे आजोबा येत नाहीत, शाळेतली पोरं येत नाहीत, वडापाववाल्या काकूंचा धंदा बुडतो. आणि परत ग्राउंड खेळण्यासारखं झालं तरी जी माणसं तुटली ती लगेच येत नाहीत.

बरं, आम्ही आधी काही केलं नव्हतं असं नाही. पाणी साचलं की मुरूम टाकायचा, ही जुनी पद्धत. दिवसभरात वरून कोरडं दिसतं. पण मुरूम खाली चिखलात दबतो, वर पुन्हा चिखल, आणि दोन-तीन वर्षांत तिथे मुरूम आणि काळी माती यांचा असा घट्ट थर तयार झाला की पाणी आधीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागलं. शिवाय वरच्या मुरमाने गोलकीपरचे गुडघे आणि कोपरं सोलून निघायची. क्रिकेटवाले रोलर फिरवतात म्हणून आपल्याकडे ओल्या ग्राउंडवर रोलर फिरवायचा प्रकारही झाला, त्याने माती आणखी दाबली गेली. फुटबॉलच्या मैदानाला दाबण्यापेक्षा टोचायची गरज असते, मातीत हवा जायला हवी, मुळं खाली जायला हवीत.

मग ती मीटिंग. शाळेच्या वर्गात, बाकांवर मोठी माणसं दाटीवाटीने बसलेली. शेडच्या बाजूने बोलणारे काही हट्टी किंवा दिखाऊ लोक नव्हते हे मला स्पष्ट लिहायचंय. एक आजोबा, खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, क्लब जेव्हापासून आहे तेव्हापासून येणारे, ते म्हणाले, “बाळांनो, माझं वय बघा, एप्रिलच्या उन्हात दगडावर बसवत नाही आता. तुमचा निचरा होईपर्यंत मी असेन का?” वर्गात कोणी काही बोललं नाही. एक वहिनी म्हणाल्या, शेड असली तर बायका लहान पोरांना घेऊन येतील, आत्ता छत्री धरायची का पोर धरायचं? हेही खरंच होतं.

दुसऱ्या बाजूने बोलला आमच्यातलाच एक सिव्हिलवाला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या आणि माझ्या मते निर्णय तिथेच झाला. पहिली, काळ्या मातीत शेडचे खांब उभे करायचे तर फूटिंग, म्हणजे खांबाचा पाया, खाली पक्का मुरूम लागेपर्यंत न्यावं लागतं, नाहीतर माती फुगली-आकसली की खांब तिरके होतात, म्हणजे शेड वाटते तेवढी स्वस्त नाही. दुसरी, शेडवरचं पाणी कुठे सोडणार? पत्र्यावर पडलेलं पाणी पन्हाळीतून खाली आलं तर ते पुन्हा मैदानातच, म्हणजे शेडने तळं आणखी मोठं होणार. तिसरी, शेड कधीही बांधता येते, निचऱ्याचे चर फक्त मार्च ते मे मध्येच खणता येतात, जून लागला की वर्ष गेलं.

मी निचऱ्याच्या बाजूने बोललो. मॅचच झाली नाही तर शेडखाली बसून काय बघायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. कोणीतरी जर्मनीतल्या युनियन बर्लिन क्लबचं उदाहरण दिलं, ते इथे लिहितो कारण ते चपखल आहे. २००८-०९ मध्ये त्या क्लबच्या २,००० हून जास्त सपोर्टर्सनी स्वतः राबून आपलं जुनं स्टेडियम दुरुस्त केलं, सुमारे १,४०,००० तासांचं श्रमदान. २०१९ मध्ये तो क्लब बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला, आणि आजही त्या स्टेडियममध्ये बहुतेक लोक उभे राहूनच मॅच बघतात. आपली तुलना त्यांच्याशी होणार नाही, पण काम कुठल्या क्रमाने करायचं आणि कोणी करायचं हे त्यांच्याकडून घेता येतं.

शेवटी ठरलं ते असं: पैसे निचऱ्याला, पण आजोबांच्या मुद्द्यासाठी पायऱ्यांच्या मधल्या भागावर मॅचच्या दिवशी ताडपत्री बांधायची, बांबू आणि दोरी, जशी गणपतीच्या मांडवाला बांधतात तशीच. मांडववाला आमच्याच गल्लीतला, त्याने सामान दिलं. ही तडजोड झाली नसती तर मीटिंग कडवट होऊन संपली असती असं मला वाटतं.

काम काय केलं ते जरा तपशिलात, कोणाला उपयोगी पडेल. रेल्वे गोलच्या अर्ध्या भागात, साधारण पाच-पाच मीटरवर, आडवे चर खणले, दीड-दोन फूट खोल. तळाला उतार दिला, शंभराला एक. त्यात भोकं असलेला पीव्हीसी पाइप, त्याच्याभोवती जिओटेक्स्टाईलचं कापड म्हणजे माती आत जाऊन पाइप बुजू नये, वर २० एमएमची खडी, आणि सगळ्यात वर जाड वाळू. वाळूवरून बरीच चर्चा झाली. नदीची वाळू मिळणं अवघड आणि महाग, म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, पण ती धुतलेलीच हवी, कारण न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असते आणि ती पाण्याबरोबर खाली बसून सगळी भोकं बंद करते. पहिली गाडी न धुतलेली आली होती. आमच्या माळीकाकांनी मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली, पाणी दुधासारखं झालं, आणि गाडी परत पाठवली. हा बाटलीचा प्रयोग कोणीही करू शकतो, जरूर करा.

सगळे चर एका मोठ्या पाइपला जोडून तो भिंतीलगतच्या पावसाळी गटारात सोडला. आणि इथे खरी मेख आहे. पाणी बाहेर जायची जागा जर बुजलेली असेल तर आत कितीही भारी पाइप टाका, पाणी उलटं येतं. ते गटार प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेलं. त्यामुळे आता दर मे महिन्यात सपोर्टर्स मिळून ते साफ करतात, आणि पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा एकदा. हे काम कोणाला फोटोत दिसत नाही पण माझ्या मते सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच.

खणायचं काम मशीनने झालं, पण खडी पसरणं, वाळू भरणं, लेव्हल बघणं हे आम्ही केलं, सकाळी ऊन चढायच्या आत. आणि इथे ढोल-ताशा पथकाचा विषय येतो. पुण्यात जुलैपासून सगळी पथकं सरावाला मोकळी जागा शोधतात, आणि आमच्या ग्राउंडवर एक पथक बरीच वर्षं सराव करायचं, तेही नेमकं ऐन पावसात. शंभरएक माणसं ओल्या काळ्या मातीवर तासन् तास एकाच जागी उभी राहून ठेका धरणार, त्याने माती किती दबते याचा अंदाज करा. नवीन चरांवर हे चाललं नसतं. पण पथकातली अर्धी पोरं आमचीच, त्यांना हाकलणं कोणालाच नको होतं. मग टाकी गोलच्या मागची पार्किंगची मुरमाड जागा त्यांना दिली, तिथे पाणी साचत नाही आणि जमीन कडक आहे, त्यांनाही बरं. बदल्यात पथकातली पोरं वाळूच्या पाट्या वाहायला आली, आणि सीझनच्या पहिल्या होम मॅचला त्यांनी जे वाजवलं ते समोरच्या टीमचे प्लेयरसुद्धा थांबून ऐकत होते.

गवत हरळीच ठेवलं. बाहेरून लॉनच्या लाद्या आणायचा प्रस्ताव होता, महाग होता आणि गरज नव्हती. हरळी आपल्या मातीतली, जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून पसरते, तुडवली तरी परत येते, जगभरात बर्म्युडा ग्रास म्हणून मैदानांवर हीच वापरतात. फक्त तिला ऊन लागतं. टाकी गोलकडच्या कडेची हरळी उपटून वाळू भरलेल्या चरांवर लावली आणि पावसाने बाकीचं केलं. गणपतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या सोसायटीतल्या आज्या टचलाइनच्या बाहेर दुर्वा खुडायला येतात, ती हीच हरळी, आणि त्या वर्षी पहिल्यांदा माळीकाका त्यांना म्हणाले, “आज्जी, या चराच्या रेषेवरच्या सोडून कुठल्याही घ्या.”

मग झालं काय? त्या पावसाळ्यात जोराची सर येऊन गेल्यावर तासा-दीड तासात रेल्वे गोलसमोर बॉल उसळत होता. आधी दोन-दोन दिवस पाणी हलायचं नाही. एक मॅच तरीही हलवावी लागली, रात्रभर पाऊस होता आणि गटारच तुडुंब होतं, पण बाकीच्या घरीच झाल्या. खेळात फरक पडला तो मला जास्त आवडला. आधी सेकंड हाफमध्ये रेल्वे गोलकडे अटॅक असला की आमची टीम नुसते लांब हवेतून बॉल मारायची, कारण जमिनीवरून पास गेलाच नसता. आता आमची छोटी मिडफिल्डर पोरं तिथे एक-दोन टचमध्ये बॉल फिरवतात, डीच्या आत भिंत-पास खेळतात. कोच सर म्हणाले की मी चार वर्षं जे बोंबलून सांगत होतो ते जमीन सुधारल्यावर दोन महिन्यांत आलं.

अडचणीही आल्या त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच पावसात चरांवरची वाळू खाली बसली आणि मैदानावर आडवे खळगे दिसायला लागले, पुन्हा पुन्हा वाळू भरावी लागली. पुढच्या मे महिन्यात चराच्या दोन्ही कडांना भेगा पडल्या, कारण काळी माती आकसते आणि वाळू आकसत नाही. तिथे धुतलेली वाळू झाडूने लोटून भरणं हाच उपाय, आणि तो दरवर्षी करायचा आहे. रेल्वेकडचा डावा कॉर्नर अजूनही ओला राहतो, तिथे गटाराची पातळी आणि जमिनीची पातळी जवळजवळ सारखीच आहे, पाण्याला जायला वावच नाही. तिथे भर टाकून जमीन उचलावी लागेल.

निचऱ्यामुळे एक गोष्ट आपोआप झाली, लोकांना छोट्या सुधारणांची चटक लागली. गोलच्या जाळीला लोखंडी आकडे होते, त्यात बोट अडकून एका पोराला लागलं होतं, ते कापून प्लॅस्टिकच्या क्लिपा लावल्या. क्रॉसबार मधोमध वाकलेला होता, कडेला २.४४ मीटर आणि मध्ये कमी, तो बदलला. रेषा फक्कीने मारायचो, पाऊस आला की हाफटाइमपर्यंत वाहून जायची आणि डोळ्यात गेली की चुरचुरायचं, आता पाण्यात कालवलेला पांढरा रंग मारतो. प्रॅक्टिसचे गोल हलवता येणारे घेतले, वाळूच्या गोण्या ठेवून घट्ट केलेले, म्हणजे रोजच्या सरावाने मुख्य गोलसमोरचं गवत घासून जात नाही. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे लागले नाहीत.

२०२३ मध्ये मेट्रोचं बोपोडी स्टेशन सुरू झालं त्याचाही फायदा झाला, पिंपरीकडून आणि शिवाजीनगरकडून लोक गाडी न काढता येतात, आणि आल्यावर मॅच होणार याची खात्री असते. कोल्हापूरहून कामाला आलेली काही मंडळी आता नियमित दिसतात. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींच्या मॅचेस बघत मोठी झालेली माणसं ती, त्यांना हजारोंच्या गर्दीची सवय. त्यातला एक मला म्हणाला, “गर्दी न्हाय हितं, पण ग्राउंड लई मनापास्नं राखलंय.” मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ताडपत्रीखाली आजोबा बसतात, पहिल्या पायरीवर, उशी घेऊन. शेडचा निधी वेगळा जमायला लागलाय आणि फूटिंगचं डिझाईन त्याच सिव्हिलवाल्या मित्राने फुकट करून दिलंय, पन्हाळीचं पाणी टाकीत साठवून उन्हाळ्यात हरळीला द्यायचं असं त्यात आहे. पण त्याच्या आधी आणखी एक काम मध्ये आलंय. क्लबची मुलींची टीम सुरू झाली आणि त्यांना कपडे बदलायला जागा नाही, शाळेचा वर्ग उघडा मिळाला तर ठीक नाहीतर घरून किट घालूनच यायचं. दिवाळीनंतरच्या मीटिंगला हाच विषय आहे, शेड की मुलींची चेंजिंग रूम. मी चेंजिंग रूमच्या बाजूने बोलणार आहे, आणि आजोबांना ते आधीच सांगून आलोय. ते म्हणाले, रूम होऊ दे आधी, ताडपत्री चांगली आहे अजून.